अंगणातील नकोसे झाड

(जळगाव येथील कुटुंब मेळाव्यात एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



‘झाड तोडून न्या, लाकूड तुमचे, आम्हाला एक पैसाही नको.’ जळगाव आणि धुळ्याच्या जुन्या वसाहतींमध्ये हा सौदा दर वर्षी कोठे ना कोठे होत असतो. वडिलांनी प्लॉट घेतला तेव्हा फाटकाशी कडुनिंब लावला, मागे शेवगा, कोपऱ्यात गुलमोहर. पुढे मुलांच्या वाटण्या झाल्या, बैठ्या घरावर मजले चढले, दारात चारचाकी आली आणि ज्या सावलीत घर वाढले ती सावलीच आडवी येऊ लागली. पाला पडतो, मुळे संडासाच्या टाकीत शिरतात, फांद्या तारांना लागतात. मग कोणीतरी तोडणारा शोधून आणतो. मालकाची अडचण दूर होते, तोडणाऱ्याला सरपण मिळते, आणि मालकाला दानाचे समाधानही लाभते.

या ‘फुकट’ शब्दाविषयी मला आज बोलायचे आहे. या व्यवहारात फुकट असे काहीच नसते. किंमत दुसरा कोणी मोजतो, एवढेच.

प्रथम तोडणाऱ्याचा विचार करा. रानातले झाड बुंध्याशी घाव घालून मोकळ्या बाजूला पाडता येते. अंगणातल्या झाडाला मोकळी बाजूच नसते. एकीकडे आपली भिंत, दुसरीकडे शेजाऱ्याचे पत्रे, वर विजेची तार. त्यामुळे शेंड्यापासून खाली येत एकेक फांदी दोराने बांधून उतरवावी लागते. हे कौशल्याचे आणि जिवावरचे काम आहे. त्याची मजुरी द्यावयाची नाही, म्हणून आपण लाकूड देतो. पण गुलमोहर ठिसूळ आणि शेवगा तर चुलीत घालण्याच्याही योग्यतेचा नाही. मग तो मनुष्य हळूच म्हणतो, ‘साहेब, तो कडुनिंबही घेतो, म्हणजे परवडेल.’ आणि ज्या कडुनिंबाबद्दल कोणाची तक्रार नव्हती, तोही त्याच दुपारी आडवा होतो. निकामी झाडाची मजुरी कामाच्या झाडाने फेडली. ज्या जळगावात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेथे पश्चिमेच्या भिंतीवरची सावली घालवून आपण कूलर विकत आणतो.

माझे मत स्पष्ट आहे. झाड काढणे खरोखरच आवश्यक असेल तर मजुरी रोख द्यावी आणि लाकूड कोणाला द्यायचे, ते स्वतंत्रपणे ठरवावे. दोन व्यवहार एकत्र केले की झाडाचा आणि माणसाचा, दोघांचाही घात होतो. तारेजवळचे काम असेल तर वीज कंपनीला आधी कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. त्या दोन तासांच्या गैरसोयीसाठी कोणाचा जीव टांगणीला लावू नये.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्या अंगणातले झाड आपलेच, ही समजूत अर्धीच खरी आहे. शहरांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन करण्याचा राज्य कायदा आहे. महानगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, पाहणी होते, हरकतींसाठी सूचना निघते. मेलेले, रोगट, वाऱ्याने पडलेले, जीवितास वा मालमत्तेस धोका असलेले, अशी कारणे कायद्याने मानली आहेत. ‘पाला फार पडतो’ हे कारण मला त्यात कोठे आढळले नाही. बुंध्याशी विस्तव पेटवून झाड वाळवण्याची युक्ती काही सुशिक्षित घरांतही चालते. कायद्याच्या लेखी झाड जाळणे किंवा त्याला इजा पोहोचवणे, हेही तोडणेच होय. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. शहराबाहेर, गावाकडच्या वाड्यात वा बांधावर, १९६४ चा कायदा आहे. आंबा, चिंच, मोह, जांभूळ, सागवान, आपल्या खानदेशचा अंजन ही झाडे त्याच्या अनुसूचीत आहेत. लाकूड तोडणाऱ्याला दिले म्हणून परवानगीची जबाबदारी त्याच्यावर जात नाही. दाराशी विचारणा होते ती मालकाकडे.

काहींना हे सरकारी जाच वाटतात. त्यांनी रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र काढून वाचावे. त्यातला मजकूर हल्ली ‘शिवरायांचे पत्र’ म्हणून सर्रास फलकांवर लावतात. वास्तविक तो ग्रंथ महाराजांच्या निधनानंतर तीन दशकांहून अधिक काळाने, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झाला. मात्र त्यातले धोरण त्याच परंपरेतले आहे. आरमारासाठी लाकूड हवे असतानाही आंबा-फणसाला हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे त्यात बजावले आहे. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने ते न्यावे. राज्याच्या आरमारालाही लाकूड फुकट नको होते!

आणि दूर कशाला जावे? धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने उजाड झालेले रान पुन्हा उभे केले. लाकूडतोडीवर त्या वनवासी गावाने स्वतःच बंधने घालून घेतली. २०२५ मध्ये चैत्रामजींना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने पेढे वाटले. ज्यांच्या चुलीला रोज लाकूड लागते त्यांनी कुऱ्हाड आवरली. आपल्या स्वयंपाकघरात गॅस आहे.

आता जे झाड जाणारच आहे, त्याच्या लाकडाचे काय करावे? येथे थोडी पारख हवी. बाभळीचे लाकूड चिवट. बैलगाडीला आणि औतांना पिढ्यान् पिढ्या तेच लागत आले. कडुनिंबाला कीड सहसा लागत नाही, म्हणून सुताराला दाखवल्याशिवाय त्याचा बुंधा सरपणात घालू नये. एखाद्या शाळेची फळी, एखाद्या घराची चौकट त्यातून निघते. चिंचेचे लाकूड घाण्याला चालते, आणि लाकडी घाणे तर आता पुन्हा दिसू लागले आहेत. उरलेल्या फांद्यांना मागणी आहेच. आखाजीला खापरावर मांडे करायचे म्हटले की आपल्या मावशी-काकूंना गॅसची शेगडी उपयोगाची नसते. वांगी भाजायला कपाशीच्या काड्या पुरतात, मांड्यांना मात्र टिकणारा जाळ लागतो.

परंतु माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गरज स्मशानभूमीची आहे. एका अंत्यसंस्काराला तीन-चारशे किलो लाकूड सहज लागते. घरातला कर्ता गेलेला असताना गरीब कुटुंबाने त्याचा भाव विचारत फिरावे, ही आपल्या समाजाला शोभणारी गोष्ट नाही. कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत परवानगी मिळालेल्या झाडांची नोंद ठेवावी आणि लाकूड परस्पर स्मशानात पोहोचवावे, एवढे काम सहज होण्यासारखे आहे. एक व्यावहारिक सूचना तेवढी लक्षात ठेवा. पावसाळ्यात तोडलेले लाकूड ओले असते. ते धुमसते, जळत नाही. श्रावणात कोणाच्या चितेला लागणारे लाकूड दिवाळीनंतर तोडून, चिरून, उन्हाळाभर वाळवून, जून उजाडण्यापूर्वी पत्र्याखाली रचलेले असावे लागते.