संगणक कंपनीतील विक्रीची नोकरी



"शिकूनसवरून शेवटी माल विकायचा का?" असे आपल्या आणे पठारावरील पालक मला विचारतात. आळेफाट्याला कांदा विकताना आपण कमीपणा मानत नाही. मग हिंजवडीत संगणकप्रणाली विकण्यात तो का मानावा?

१९४५ साली महंमद हाशम प्रेमजींनी अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी काढली. १९६६ साली ते वारले आणि २१ वर्षांच्या अझीम प्रेमजींनी धंदा हाती घेतला. १९८० च्या सुमारास तीच कंपनी संगणकाकडे वळली. तीच आजची विप्रो. माल बदलला, गिऱ्हाइकाची गरज ओळखण्याचे काम तेच राहिले.

या नोकरीचे फायदे पुष्कळ. अभियंत्याची पदवी नसली तरी अनेक ठिकाणी प्रवेश मिळतो. बोलणे सुधारते, बँका-कारखान्यांचा कारभार कळतो, पगाराखेरीज विक्रीवर मोबदला मिळतो.

तोटेही आहेत. मिळकत कमीजास्त होते. तिमाहीचे उद्दिष्ट गाठले की दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा कोरी. प्रवास फार, घरी वेळ थोडा.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याला वरिष्ठांनी, प्रणालीत नसलेली सोय 'आहे' म्हणून सांगण्यास फर्मावले. त्याने नकार दिला. सौदा गेला, मोबदला बुडाला, घराचा हप्ता थकला. "सर, मी चुकलो का?" त्याने विचारले. मी "नाही" म्हणालो. पण हप्ता मला भरायचा नव्हता.

म्हणून सांगतो, या नोकरीत जरूर जा. मात्र सहा महिन्यांचा घरखर्च आधी गाठीशी बांधा. म्हणजे खरे बोलणे परवडते.