पावती नावाचा दस्तऐवज

2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी कोल्हापूरच्या सखल पेठांतील घरांत शिरले, तेव्हा कपाटांतील जे कागद भिजून लगदा झाले, त्यांत दूरदर्शनसंच, शीतकपाट, मोबाइल यांच्या खरेदीच्या पावत्याही असणारच. आणि वॉरंटीची मुदत बहुधा खरेदीच्या तारखेपासून मोजली जात असल्याने, ती तारीख सिद्ध करणारा दस्तऐवज हरपला की ग्राहकाची रास्त मागणीही निराधार ठरण्याचा संभव असतो.

पूर न येताही हे घडते. उष्णतासंवेदी कागदावरील अक्षरे कालांतराने फिकट होतात. म्हणून पावतीचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे, आणि मूळ प्रत हरवलीच तर दुकानदाराच्या दप्तरातून नक्कल मागावी, शिवाय बँकेचा उतारा व संचाचा अनुक्रमांक जोडावा.

पावती देणे ही दुकानदाराची मेहेरबानी नव्हे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये ती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘बिलाविना स्वस्त देतो’ हे आर्जव मला म्हणूनच फार घातक वाटते. दाद मागायची झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे फिर्यादीची मुदत, कारण घडल्यापासून, सामान्यतः दोन वर्षांची असते.