डॉक्टर व माता : संत जान्ना बेरेत्ता मोल्ला

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या मातांच्या सभेंत धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



संतांचीं चरित्रें ऐकतांना आपणांस बहुधा मठ, अरण्य किंवा हौतात्म्याचें रक्त आठवतें. आज जिचें स्मरण करावयाचें योजिलें आहे, ती संतमाता संसारी होती. तिला चांगलीं वस्त्रें आवडत, आणि डोंगरावर बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ तिला प्रिय होता. हें मी मुद्दाम सांगतों. कारण पावित्र्य म्हणजे उदास चेहरा, अशी समजूत आपल्या घरांतून अजून गेलेली नाहीं.

जान्नाचा जन्म ४ आक्टोबर १९२२ रोजीं इटालींत, मिलान शहराजवळील माजेंता या गांवीं झाला. तेरा भावंडांत ती दहावी. १९४२ सालीं माता व पिता दोघेहि निवर्तले, आणि वयाचीं वीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच ती पोरकी झाली. तरी तिनें अभ्यास सोडला नाहीं. १९४९ सालीं पाव्हिया येथील विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन तिनें पुढल्याच वर्षीं मेसेरो या खेड्यांत दवाखाना उघडिला, व १९५२ सालीं मिलान येथें बालरोगांचें विशेष शिक्षण पूर्ण केलें. माता, तान्हीं मुलें, वृद्ध आणि गरीब यांच्याकडे तिचा ओढा अधिक. धर्मगुरु वेदीवर येशूला स्पर्श करितो, तसा डॉक्टर रोग्याच्या देहांत त्यालाच स्पर्श करितो, अशा अर्थाचें तिनें लिहून ठेविलें आहे. आम्ही वेदीजवळ ज्या आदरानें हात धुतों, त्याच आदरानें रोग्याच्या खाटेजवळ जातों काय, हा प्रश्न मला तिनें घातला आहे.

तिचा एक भाऊ कापुचिन संघाचा धर्मगुरु व डॉक्टरहि होता. तो ब्राझिलांत ग्राझाऊ येथें मिशनकार्य करी. त्याच्या मदतीस जावें अशी तिची फार इच्छा होती, परंतु प्रकृतीनें साथ दिली नाहीं. पुढें २४ सप्टेंबर १९५५ रोजीं पिएत्रो मोल्ला या अभियंत्याशीं तिचा विवाह झाला. एक मुलगा व दोन मुली झाल्या, आणि दवाखानाहि चालूच राहिला.

१९६१ सालीं ती पुन्हां गरोदर असतां दुसऱ्या महिन्यांत गर्भाशयांत गांठ आढळली. मार्ग तीन होते : गर्भपात करणें, गर्भाशयच काढून टाकणें, किंवा केवळ गांठ काढून गर्भ राखणें. जान्नानें तिसरा पत्करिला. त्यांतील धोका डॉक्टर या नात्यानें तिला पुरता ठाऊक होता.

येथें थोडें थांबलें पाहिजे. रोगी गर्भाशय काढण्याची शल्यक्रिया नीतिशास्त्राप्रमाणें तिला निषिद्ध नव्हती. तींत हेतु रोग दूर करण्याचा असतो. बालकाचा मृत्यु ओढवला तरी तो इच्छिलेला नसतो. हा भेद सेमिनरींत आम्हांला शिकविला जातो, पण प्रवचनांतून तो क्वचितच सांगितला जातो. म्हणून जान्नानें दिलें तें कर्तव्याच्या पलीकडलें दान होतें, आणि दान मागून घेतां येत नाहीं. कोणत्याहि पतीनें, सासूनें अथवा धर्मगुरूनें तिचें नांव पुढें करून दुसऱ्या स्त्रीकडून तिचे प्राण मागूं नयेत. प्रसूतींत बाई दगावली कीं "देवाची इच्छा" म्हणून डोळे पुसणारे लोक मीं पाहिले आहेत. ताप चढल्यावर तिला त्याच घटकेस इस्पितळांत न नेणें ही देवाची इच्छा नव्हे, ती आपली हयगय होय.

शल्यक्रिया पार पडली. प्रसूतीचे दिवस जवळ येतांच, माझा जीव कीं बाळाचा असा प्रश्न पडल्यास बाळाला वांचवा, असें तिनें पतीला निक्षून सांगितलें. पवित्र शनिवारीं, २१ एप्रिल १९६२ रोजीं, पोट चिरून मुलीचा जन्म झाला. मातेच्या पोटांतील आवरणाला जंतुदोष झाला, वेदना असह्य झाल्या, आणि २८ एप्रिल रोजीं सकाळीं आपल्या घरींच तिनें देह ठेविला. तिचें वय ३९ वर्षांचें होतें.

पिएत्रोच्या पदरांत चार लेकरें राहिलीं. त्यांतली थोरली मुलगी दोन वर्षांनीं वारली. ह्या मनुष्याविषयीं चरित्रकार थोडें लिहितात, हें मला खटकतें. चार मुलांना आईवांचून वाढविण्याचा भार त्यानेंच उचलला. १६ मे २००४ रोजीं दुसरे जॉन पॉल यांनीं रोम येथें जान्नाला संतपद दिलें, तेव्हां तो ९१ वर्षांचा होता आणि तेथें हजर होता. जिच्यासाठीं मातेनें प्राण दिला, ती मुलगीहि हजर होती. तीहि डॉक्टर झाली.

संत जान्नाचा सण २८ एप्रिलला येतो. त्या दिवशींची सकाळची मिस्सा आपल्या धर्मग्रामांतील परिचारिकांसाठीं, आणि प्रसूतींत निवर्तलेल्या मातांसाठीं अर्पण करण्याचें मीं योजिलें आहे. ज्यांना आपल्या घरच्या मातांचीं नांवें द्यावयाचीं असतील, त्यांनीं तीं आदल्या रविवारपर्यंत माझ्याकडे आणून द्यावीं.