लहान मुलांची भूल आणि तालुक्याचे रुग्णालय

(घनसावंगी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



तालुक्याच्या आरोग्याविषयी निवेदन लिहावयास कार्यकर्ते बसले की मागण्यांची यादी बहुधा ठरलेली असते : इमारत, खाटा, औषधे, रुग्णवाहिका आणि शल्यचिकित्सक. भूलतज्ज्ञ हा शब्द त्या यादीत क्वचितच येतो, आणि लहान मुलाला भूल देणे हे वेगळे कौशल्य आहे याची तर जाणीवही नसते. वस्तुतः मुलावर शस्त्रक्रिया होणार की नाही, हे पुष्कळदा या एकाच माणसावर अवलंबून असते. शस्त्र चालविणारा हात लोकांच्या लक्षात राहतो. श्वास राखणारा हात कोणाला दिसत नाही.

भुलीचा इतिहास याची साक्ष देतो. १८४६ साली बोस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग झाला आणि पुढच्याच वर्षी एडिंबरोत क्लोरोफॉर्म आले. वेदनेपासून माणसाची सुटका झाली असे जगाला वाटले. परंतु २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये पंधरा वर्षांची एक मुलगी पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिला असता काही मिनिटांत दगावली. शस्त्रक्रिया किरकोळ होती. भूल किरकोळ नव्हती. क्लोरोफॉर्मने आधी हृदय थांबते की श्वास, हा वाद त्यानंतर चाळीस वर्षे चालला. त्याचा मोठा तपास झाला तो हैदराबादेत. शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ साली दोन आयोग बसले आणि निजामाने त्यांना द्रव्यसाहाय्य केले. त्या काळी घनसावंगीचा हा मुलूख त्याच संस्थानात होता. म्हणजे त्या खजिन्यात येथील कुणब्याचा शेतसाराही होता. जगातील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत ज्यांची गणना होते त्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी याच हैदराबादच्या. आयोगाने निष्कर्ष काढला की धोका श्वासाला आहे, हृदयाला नाही. तो पुरता खरा ठरला नाही. हलक्या क्लोरोफॉर्मनेही हृदय एकाएकी बंद पडू शकते, हे १९११ साली लेव्ही यांनी दाखवून दिले. पण एक धडा मात्र टिकला. शस्त्रक्रिया चालू असताना रोग्याच्या प्रत्येक श्वासावर नजर ठेवणारा, आणि त्यावेळी दुसरे कोणतेही काम नसलेला, एक माणूस तेथे हवाच.

मुलाच्या बाबतीत हा धडा अधिकच कठोर होतो. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. वजनाच्या मानाने तान्ह्या बाळाला प्रौढाच्या सुमारे दुप्पट प्राणवायू लागतो; त्यामुळे श्वास अडला की सावरावयास मिळणारा अवधी फार थोडा असतो. त्याची जीभ मोठी, श्वासनळी अरुंद. किंचित सूज आली तरी वाट बंद होते. तीन किलोच्या नवजात अर्भकाच्या अंगात सारे मिळून पाव लिटर रक्त असते. प्रौढाला जे थेंब वाटतात ते त्याला भारी पडतात. उघड्या टेबलावर ते झपाट्याने गार पडते. औषधाची मात्रा वजनावर काढावी लागते आणि दशांश चिन्हाची चूक जिवावर बेतते.

शेंगदाण्याचे उदाहरण येथील घराघरांत समजेल. दाणे खाता खाता मूल हसते वा रडते आणि दाणा श्वासनळीत उतरतो. तो काढावयास नळीत दुर्बीण घालावी लागते. ज्या वाटेने शल्यचिकित्सकाला जायचे, त्याच वाटेने मुलाला श्वासही द्यायचा असतो. हे काम अनुभवी भूलतज्ज्ञाखेरीज कोणी अंगावर घेऊ नये.

फार काळ असाही समज होता की नवजात अर्भकाला वेदना जाणवतच नाहीत. त्यामुळे कित्येक अर्भकांना केवळ हालचाल थांबविण्याचे औषध व नाममात्र भूल देऊन शस्त्रक्रिया होत. १९८७ साली डॉ. कन्वलजीत सिंग आनंद आणि त्यांच्या ऑक्सफर्डमधील सहकाऱ्यांनी दाखवून दिले की पुरेशी वेदनाशामक भूल दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावरील ताण कमी होतो आणि ती अधिक चांगली सावरतात. ज्याला बोलता येत नाही त्याचे दुःख नाहीच असे धरून चालणे, ही चूक केवळ वैद्यकाची नव्हती. समाजव्यवहारातही ती नित्य घडते.

आता आपल्या भागाकडे वळू. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. अंगणवाडीत व शाळेत मुले तपासून दुभंगलेले ओठ, फाटलेली टाळू, वाकडे पाऊल, हृदयाचे दोष हुडकावयाचे, अशी ही योजना. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने खर्चाचाही काही भार उचलला. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण दोष हुडकणे आणि दोष दूर होणे यांच्यामध्ये शस्त्रक्रियेचे टेबल आहे.

ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी जुना ठोकताळा असा की बाळ दहा आठवड्यांचे, दहा पौंड वजनाचे आणि दहा ग्रॅम हिमोग्लोबिनचे असावे. कुपोषित मातेचे मूल या उंबरठ्याशीच अडते. टाळू तर बोली फुटण्याच्या सुमारास, साधारण दीड वर्षाच्या आत, शिवली जावी. त्यात आडवा येतो ऊसतोडीचा हंगाम. मुकादमाची उचल घेतलेले जोडपे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघाले की उन्हाळ्यापर्यंत परतत नाही. रुग्णालयाची तारीख मधल्या काळात आली तर ती बुडते. एक हंगाम बुडाला तर वेळ जाते. दोन बुडाले तर मुलाच्या वाणीतला दोष जन्माचा होऊ शकतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, रुग्णालयाच्या सोयींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. इमारत, टेबल, शल्यचिकित्सक, परिचारिका हे सारे असले आणि भूलतज्ज्ञ शून्य असला, तर उत्तर शून्यच येते. त्या शून्याचा खर्च अंदाजपत्रकात दिसत नाही. तो बापाच्या बुडालेल्या मजुरीत, अंबड-जालन्याच्या व पुढे घाटीच्या हेलपाट्यांत आणि सावकाराच्या वहीत दिसतो.

मग प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मुलांची भूल उपलब्ध करा, अशी मागणी करावी काय? येथे चळवळीने घोषणेचा मोह आवरला पाहिजे. हे कौशल्य हाताला सवय असेल तरच टिकते. वर्षाकाठी चार-दोन अर्भके हाताळणाऱ्याकडे नवजात बाळ सोपविणे ही समता नव्हे, तो धोका आहे. प्रसूतीच्या तातडीसाठी एम.बी.बी.एस. डॉक्टरांना काही आठवड्यांचे भुलीचे प्रशिक्षण दिले जाते. ते मातांसाठी उपकारक आहे, पण त्याला मुलांच्या भुलीचा पर्याय मानता येणार नाही.

म्हणून मागणी तीन पायऱ्यांची असावी. तालुक्यात भूलतज्ज्ञाचे पद कायम भरलेले असावे, अत्यवस्थ मुलाचा श्वास व ऊब राखता यावी, मुलांच्या मापाचे मुखवटे, नळ्या आणि प्राणवायू मोजणारे यंत्र असावे. जिल्ह्याला, एरवी निरोगी असलेल्या मोठ्या मुलांच्या अंतर्गळासारख्या शस्त्रक्रिया ठरल्या वारी नियमाने व्हाव्यात. जालन्यास २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झाले. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की भूलशास्त्राचा विभाग आलाच. तो कागदावर राहणार की मुलांच्या टेबलापाशी उभा राहणार, हे पाहणे चळवळीचे काम आहे. नवजात व हृदयरोगी बाळे मोठ्या केंद्रातच जावीत. मात्र तेथवर नेणारी रुग्णवाहिका, सोबतच्या आईची राहण्याची सोय आणि हंगाम पाहून दिलेली तारीख हा उपचाराचाच भाग मानला जावा.

काही कामे निवेदनाविना होतात. भुलीने मुलाचा मेंदू अधू होतो, या भीतीने पालक माघार घेतात. सात देशांतील अर्भकांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एका तासाहून कमी वेळ दिलेल्या भुलीचा पाचव्या वर्षी बुद्धीवर मोजता येईल असा परिणाम आढळला नाही, हे त्यांना सांगावे. सर्दी-खोकला असेल तर लपवू नये. तारीख टळली तरी चालेल, भुलीत श्वास अडलेला चालणार नाही. दूध-पाणी केव्हा थांबवायचे ते डॉक्टरांनाच विचारावे. सामान्यतः जेवण सहा तास, आईचे दूध चार तास आणि साधे पाणी दोन तास आधी थांबवितात. तान्ह्याला रात्रभर कोरडे ठेवण्याचे कारण नाही. मायेपोटी चोरून पाजलेले दूध मात्र भुलीत उलटून श्वासनळीत जाऊ शकते.

पुढचे निवेदन लिहिताना इमारतीच्या आधी माणूस लिहावा. कोणते पद कधीपासून रिकामे आहे, किती मुलांची तारीख कोणत्या कारणाने टळली, याची वही तालुक्यात ठेवावी. त्या वहीतला आकडा सभागृहातील भाषणापेक्षा जड असेल. कारण त्यातल्या प्रत्येक आकड्यामागे एक मूल तारखेची वाट पाहत असेल.