यकृताच्या रोग्याचे वरण बंद करू नका
(महोत्सवप्रसंगी दिलेले व्याख्यान)



आपल्या ग्वाल्हेरात गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ साली सुरू झाले. तेव्हापासून वैद्यकाचे ज्ञान पुष्कळ वाढले. पण घरोघरचे एक पथ्य अजून सुटलेले नाही. यकृत बिघडले की वरण, दूध बंद! हे पथ्य मूळचे आम्हा डॉक्टरांचेच, म्हणून ते सोडवणेही आमच्याकडेच येते.

प्रथिने पचली म्हणजे त्यांची अमायनो आम्ले होतात. बहुतेकांचा व्यवहार यकृत पाहते. ल्युसीन, आयसोल्युसीन व व्हॅलीन ही तीन मात्र मुख्यतः स्नायूंच्या कामी येतात. यकृत जुन्या दुखण्याने निबर झाले, की अमोनियाचे विष निवारण्याचा भार स्नायूंवर पडतो व ही तीन आम्ले त्यात खर्ची पडतात. अशा वेळी प्रथिने तोडली तर स्नायू झिजतात, विष मेंदूत जाते व रोग्याला भ्रम होतो. ज्या भीतीने वरण बंद केले, तीच खरी ठरते.

२००४ साली बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी भ्रम झालेल्या रोग्यांनाही पुरेशी प्रथिने दिली. त्याने भ्रम वाढला नाही. आज दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने सांगतात. म्हणजे ५० किलोच्या माणसास ६० ते ७५ ग्रॅम. डॉक्टरांना विचारून वरण, दूध, दही थोडे थोडे अनेकदा द्यावे. निजताना काही खाऊ घालावेच. अशा रोग्याची एक रात्र निरोग्याच्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखी जाते. या आम्लांच्या महाग पुड्या मात्र आपल्या मनाने आणू नयेत.

घरची माणसे मायेनेच पथ्य सांभाळतात. त्या मायेला एवढ्या माहितीची जोड द्यावी, हीच आमची विनंती.