न उघडलेली नोंद

चाकणच्या कुठल्याही मोठ्या कारखान्याचे स्टोअर पाहा. मालाच्या खणाला बिन कार्ड असते. माल दिला की त्यावर नोंद होते. कोणता सुटा भाग रोज लागतो ते त्यावरून कळते आणि तो दाराजवळ ठेवतात.

संगणकातल्या नोंदींचे तसे नाही. नोंद वाचल्याने काही कमी होत नाही, त्यामुळे हा हिशेब ‘मोंगोडीबी’सारख्या डेटाबेसमध्ये आपणच मांडावा लागतो. पण दर वाचनाला आकडा वाढवायचा, तर प्रत्येक वाचनामागे एक लेखन येते. कामाचा वेग मंदावतो. म्हणून आकडे थोडा वेळ मेमरीत साठवून मिनिटा-दोन मिनिटांनी एकदम लिहावेत. मध्येच वीज गेली, तर थोडे आकडे बुडतील. मूळ नोंद शाबूत राहील.

मात्र या आकड्याने नोंदीची जागा ठरवावी, किंमत नव्हे. ब्रेकच्या एखाद्या भागाची तपासणी-नोंद पाच पाच वर्षे कोणी उघडत नाही. सदोष वाहने परत बोलावण्याचे नियम आपल्याकडे १ एप्रिल २०२१पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्या त्यांत येतात. तशी वेळ आली, तर नेमक्या कोणत्या गाड्या बोलवायच्या हे तीच नोंद सांगेल. ती माळ्यावर ठेवा, रद्दीत घालू नका.