क्षमा आणि साक्ष

(श्रीरामपूर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



माझ्या विषयाचं नाव 'ख्रिस्ती समाज आणि हिंसा' असं ठरलं होतं. विषय मोठा आहे, मी त्यातलं एकच टोक धरणार आहे. आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती वस्त्यांमधून येणाऱ्या बायकांबरोबर काम करताना 'क्षमा' हा शब्द रोज आडवा येतो. मी स्वतः ख्रिस्ती घरातली आहे, तेव्हा बाहेरून कुणी बोट दाखवतंय असं समजू नका.

ग्रॅहॅम स्टेन्स यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ओडिशात बारीपद्याला ते तीस वर्षांहून जास्त काळ कुष्ठरोग्यांमध्ये काम करत होते. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री केओंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूर गावी ते आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपले होते. जमावाने गाडी पेटवली. तिघंही जळून मेले. पत्नी ग्लॅडिस आणि मुलगी एस्थर तेवढ्या मागे राहिल्या. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली. देश सोडून गेल्या नाहीत, २००४ पर्यंत तिथेच राहून कुष्ठरोग्यांचं काम चालवलं. २००५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट मी लहानपणापासून कितीतरी प्रवचनांत ऐकली आहे, आणि दर वेळी ती इथेच थांबते. पुढे काय झालं? २००३ मध्ये खालच्या कोर्टाने शिक्षा सुनावली तेव्हाही बाई म्हणाल्या की मनात कटुता नाही. पण त्याच वेळी त्यांनी हेही सांगितलं की क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये. खटला चालूच राहिला. मुख्य आरोपीची फाशी हायकोर्टात जन्मठेपेवर आली आणि जानेवारी २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. त्या निकालात मात्र एक वाक्य होतं. स्टेन्स यांना त्यांच्या धर्मकार्याबद्दल धडा शिकवावा हा मारेकऱ्यांचा हेतू होता, अशा अर्थाचं. देशभरातून लोकांनी आक्षेप घेतला आणि चार दिवसांत कोर्टाने ते शब्द काढून टाकले. विधवेने क्षमा केली म्हणजे प्रकरण मिटलं असं सगळ्यांनी धरलं असतं, तर ते वाक्य आजही निकालात असतं.

आता त्याच राज्यातली दुसरी बाई. ऑगस्ट २००८ मध्ये कंधमाळ जिल्ह्यात स्वामी लक्ष्मणानंद आणि त्यांच्या चार सोबत्यांचा खून झाला. त्याचा सूड म्हणून ख्रिस्ती वस्त्या जाळल्या गेल्या, हजारो माणसं जंगलात पळाली. २५ ऑगस्टला एका ननवर बलात्कार झाला आणि तिची रस्त्यावरून धिंड काढली गेली. पोलीस समोर होते आणि त्यांनी काही केलं नाही, असं तिने सांगितलं. तिने तक्रार दिली. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत तोंड झाकून पत्रकारांसमोर बसली आणि आपला ओडिशा पोलिसांवर विश्वास नाही, सी.बी.आय.कडे तपास द्या, अशी मागणी केली. ओळखपरेड, उलटतपासणी, सगळ्यातून गेली. २०१४ मध्ये कटकच्या कोर्टाने तिघांना दोषी धरलं, बाकीचे सुटले.

या ननबद्दल मी एकही प्रवचन ऐकलेलं नाही. क्षमा करणारी बाई चर्चला आवडते. साक्ष देणारीचं काय करायचं ते कळत नाही.

याची किंमत इथे कोण मोजतं ते सांगते. मागच्या वर्षी आमच्या केंद्रात एक बाई आली, हात प्लास्टरमध्ये. नवऱ्याने पाट्याचा वरवंटा घातला होता. तिने पोलिसात ४९८-अ चा, म्हणजे आता न्याय संहितेच्या कलम ८५ चा, गुन्हा नोंदवला. आठवड्यात मंडळीतले चारजण घरी आले, प्रार्थना झाली, सत्तर वेळा सातचा दाखला दिला. नवरा रडला. मग हिच्यापुढे 'मला तक्रार चालवायची नाही' असा टाइप केलेला अर्ज ठेवला. प्रार्थनेला येतानाच अर्ज टाइप करून आणला होता, बरं का!

मी तिला मत्तयाचा अठरावा अध्याय काढून दाखवला. सत्तर वेळा सात तिथेच आहे. पण त्याच्या जरा आधी काय लिहिलंय? भावाने अपराध केला तर त्याला एकटं गाठून सांग. ऐकलं नाही तर दोन-तीन साक्षीदार ने. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला परका समज. अध्याय एकच, पण चौघांनी अर्धाच वाचला होता. बाईने सही केली नाही.

आणखी एक गाठ आहे. नगर जिल्ह्यातले, आताच्या अहिल्यानगरमधले, बहुतेक ख्रिस्ती मूळचे महार-मांग. जातीवरून मार खाताना कुणी धर्म विचारत नाही. कायदा मात्र विचारतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणून १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा ख्रिस्ती दलित बाईला लागू होत नाही. चौकीत ती म्हणते, साहेब, जातीवरून शिवी दिली. उत्तर येतं, तुमच्या कागदावर तर ख्रिश्चन आहे. कायद्याने एवढं कमी दिलेल्या बाईला क्षमेचा उपदेश करणं फार सोपं असतं. तिच्याकडे सोडून द्यायला दुसरं आहे तरी काय?

आमच्या केंद्राने आता एक रीत पाडली आहे. पाळक किंवा कमिटी तडजोडीला आली तर आधी बाईशी एकटीशी बोलणं होतं. दवाखान्याचा कागद आणि एफ.आय.आर.ची प्रत तिच्याजवळ आहे ना, हे पाहिल्याशिवाय प्रार्थनेला बसायचं नाही. तिला क्षमा करायची असेल तर ती करेल, त्याला आमची हरकत नाही. अर्जाचा विषय मात्र त्या दिवशी काढायचा नाही. दोन ठिकाणच्या पाळकांनी हे मानलं. तिसऱ्यांनी आम्हाला घरफोड्या म्हटलं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या तालुक्यातली अशी प्रकरणं लिहून आणा. बाईचं नाव नको. तक्रार कधी झाली, कुणाच्या घरी मिटली, अर्ज कुणी लिहिला, आणि सहा महिन्यांनी ती बाई कुठे आहे, एवढं लिहा. बिशपांना भेटायला जाऊ तेव्हा ते कागद बरोबर न्यायचे आहेत.